पान न उलटता

हेक्समच्या वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी.
खोली नंबर नऊ : मिस डॉड, वय एक्क्याण्णव.
चाळीस वर्षं चॅपलमध्ये प्रवचनं केली,
आता डोळे गेलेत, आणि हट्ट एकच :
भाच्याने आणलेली ती जाडजूड कादंबरी,
ड्रॅगनवाली, रोज दहा पानं.
'बायबल मला पाठ आहे,' म्हणते,
'यात पुढे काय होतं ते ठाऊक नाही.'

तर ओरेथ नावाची मुलगी. दीपगृहाची पुजारीण.
तिचा देव खाऱ्या पाण्यात राहतो,
वर्षातून एकदाच बोलतो.
यंदा बोलला : आज रात्री दिवा विझव,
शत्रूची सात जहाजं खडकांवर येऊ देत.
जहाजांत सैनिक. सैनिकांची पोरंबाळंही.
ओरेथचा देवावर विश्वास आहे. हीच तर अडचण.
नसता, तर गोष्ट चार पानांत आटोपली असती.

तिने वातीवर हात धरला,
आणि मिस डॉड म्हणाली, 'थांब.
तुमच्याकडे देव असं काही सांगतात का गं?'

मी तिला आमच्या पूजेतली कथा सांगितली.
केळीचे खांब, चौरंग,
प्रसाद न घेता धक्क्याकडे धावत सुटलेली बाई,
आणि तिच्या डोळ्यांदेखत बुडालेली नाव,
मालासकट, नवऱ्यासकट.
शेवटी सगळं परत मिळतं, हेही सांगितलं.
आम्हा पोरांचं लक्ष शिऱ्याकडे असायचं,
त्यात केळं किती पडलंय, याकडे.

ती बराच वेळ गप्प. ऑक्सिजनची बुडबुड तेवढी.
मग : 'आणि खलाशी?
त्यांनी कुठे प्रसाद नाकारला होता?'

छत्तीस वर्षांत किती वेळा ऐकली ती कथा,
हात जोडून, ओढणी सावरून.
खलाशी कुणी मोजले नव्हते. मीही नाही.

पहाटे तीनला, स्टाफरूममध्ये,
मायक्रोवेव्हमध्ये कालची आमटी फिरत असताना
मी शेवटची पानं आधीच वाचून टाकली.
लेखकाने हात झटकले होते.
वादळ येतं, दिवा आपोआप विझतो,
जहाजं फुटतात, ओरेथ रडते. निर्दोष.
अशी चीड आली!
सहाशे पानं चालवून
ऐन वेळी सगळं वाऱ्यावर ढकललं.

म्हणून दुसऱ्या रात्री मी पुस्तक उघडं धरलं
आणि त्यात नव्हतं ते वाचलं :
ओरेथ दिव्यात तेल घालते. गुडघे टेकते.
देवाला म्हणते, तू माझाच आहेस,
पण हे माझ्याच्याने व्हायचं नाही.
रागावलास तर ये, इथेच सापडेन मी, दिव्यापाशी.

मिस डॉडचे डोळे मिटलेले.
'छान,' म्हणाली.
'पान उलटल्याचा आवाज नाही आला पण.'

माझे कान तापले.
तिने चाचपत माझं मनगट धरलं.
'उद्या पुढचं वाच.'

पुढचं कुठलं?
सहाची बस यायला वीस मिनिटं आहेत. टाइनवर धुकं.
रात्रीच्या तक्त्याच्या पाठीवर लिहायला बसलेय :
दिवा तर मी पेटता ठेवला,
आता जहाजं धक्क्याला लागणार,
आणि त्यांत तलवारी आहेत, मुलंही आहेत.
आधी कोण उतरतं
ते आता मलाच बघायचंय.