खिडकीच्या चौकटीबद्दल

डेल्फीन मुकेबा अर्ज लिहायला बसते
रात्रपाळीहून आल्या आल्या, बूट न काढता.
इस्पितळाच्या धुलाईखान्यात आठ तास
परक्यांच्या चादरी पांढऱ्या करून
हातांना क्लोरीनचा वास.
एरी सरोवरावरून आलेलं वारं
खिडकीची फळी वर-खाली आपटतंय
आणि दर आपटण्याला
चौकटीतून झडतंय थोडं पीठ.

पीठच म्हणायची ती, पहिला हिवाळाभर.
ओल्या फडक्यानं पुसायची. पुन्हा झडायचं.
एलिकियाला ते गोड लागायचं.
दोन वर्षांचं पोर,
गोड लागलं की चाटणारच.

रक्तात अकरा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
अकरा काय?
डेल्फीनच्या गावी अकरा म्हणजे
टोपल्या असायच्या, किंवा कोंबड्या,
एका वर्षी माणसं.

अर्जात नेमकं काय हवं ते लिहायचं असतं.
ती लिहिते : सगळं.
खोडते.
लिहिते : घर क्रमांक ३८८, तिसरा मजला, मागची बाजू.
तपासणी झाली का, कधी, कुणी केली,
यंत्र भिंतीला टेकवल्यावर ते काय म्हणालं
आणि ते ऐकून कोण गप्प बसलं.
शेवटची ओळ खोडते.
फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता
तसाही अर्धा राग वाटेत सांडलेला असतो.

पेन आटतं. मग मुलाची पेन्सिल.
माझ्या भाषेत हिला शिसपेन्सिल म्हणतात.
हिच्यात शिसं नसतं,
नाव तेवढं चिकटलंय.
चौकटीचं बरोबर उलटं :
आत शिसं, आणि भाडेकरारात नाव
‘जुने रंगकाम, सुस्थितीत’.

माझ्याच भाषेला एक शिक्षाही आठवते,
ज्यानं ऐकायचं नाही त्यानं ऐकलं
तर कानात तापलेलं शिसं.
इथे क्रम फिरलाय.
शिसं आधी.
ऐकायला मिळेल कामकाजाच्या वीस दिवसांनी,
मुदतवाढ धरली नाही तर.

मुदतवाढ येते.
मग येतं : मागणी फार मोघम आहे.
मग : पानाला पंचवीस सेंट, आगाऊ, रोख चालणार नाही.
मग ऑक्टोबरात एक फोन. ओसिन्स्की, दप्तरखान्यातून,
सर्दीनं बसलेला आवाज :
बाई, तळघरात खोकीच खोकी आहेत, मी एकटा आहे.
तुमची खिडकी कुठली ते ठाऊक आहे मला.
आम्ही त्याच गल्लीत राहायचो.
आणि लगेच :
हे मी बोललो नाही.

लिफाफा जाडजूड.
दोनशे बारा पानं, त्यातली बरीचशी काळी,
ओळीवर ओळ झाकलेली,
रंगाचा आणखी एक हात मारल्यासारखी.
घरमालकही हेच करतो,
भाडेकरू बदलला की.

एकशे एकोणनव्वदावं पान
ती खिडकीशी धरते, उजेडाकडे.
काळ्याखालून अक्षरं हळूहळू वर येतात.
एकोणीस वर्षांपूर्वीचा मार्च. हीच चौकट.
कुणा बाईचं हस्ताक्षर, उजवीकडे कललेलं :
माझा मुलगा इथे तोंड लावतो,
कृपा करून कुणीतरी या.
खाली, न झाकलेला, शिक्का :
पाहिले.

डेल्फीन तो एक शब्द तीनदा वाचते.
तो मुलगा आता एकवीसचा असेल.
हिशेब करताना बोटं मोजायला लागतात,
आणि त्यालाही लागत असतील का,
हे तिच्या मनात येऊन जातं.

खाली जिन्यात आवाज.
दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड येतंय,
नळाला अजून रंगाचे ताजे शिंतोडे,
एक माणूस वर चढतोय
डोक्यावर पाळणा उलटा धरून,
समोरचं काही न दिसता.

ती कोरा अर्ज उचलते, पेन्सिल उचलते,
आणि मधल्या पायरीवर जाऊन उभी राहते,
वाट अडवून.