वीतभर वर

नांदेडच्या शोरूमवाल्यानं सांगितलं, मडफ्लॅप वेगळे पडतील,
चारांचे बावीसशे, बसवणावळ धरून.
ह्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.
म्हणाले, घरी बसवू.
म्हणजे मी.
चाकाच्या कमानीत हात माझाच जातो,
ह्यांची मनगटं पोत्यांनी जाड केलीत.

गाडी पांढरी. बॉनेटवर अजून हळदकुंकू,
सीटवरचा कागद काढायचा नाही असं घरात ठरलंय,
बसलं की चुरचुरतं, पाव्हण्यासारखं वाटतं.

रबर डाळमिलचं.
उदगिरातली ती मिल बंद पडली तेव्हा
मालकानं तीन महिन्यांचा पगार दिला
आणि कन्व्हेअरचा फाटका पट्टा.
पगार संपला. पट्टा माळ्यावर राहिला.
आज उलगडला तर तुरीची पिवळी भुकटी अंगणभर,
आणि मला शिंका.
अकरा वर्षं हा पट्टा ह्यांच्यासमोरून चालत होता,
कुठंच न जाता.

सुरीला साबणाचं पाणी लावत चार तुकडे कापले.
स्टेअरिंग पुरतं उजवीकडं वळवलं,
चाकानं तोंड बाहेर काढलं,
मी डोकं आत घातलं.
खाजाभाईंचं ड्रिल, दहा नंबरचा पाना, वाटीत वायसर.

पेन्सिलीची खूण ह्यांनी दोनदा पुसली, तिसऱ्यांदा केली.
नव्या पत्र्याला आपल्या हातानं भोक!
"तू पाड," म्हणाले.
पोरीचे कान टोचतानाही सोनारापाशी मीच बसले होते,
हे बाहेर चपला राखत.
पाडलं.
चमकता कीस मानेवर पडला, गरम.
उघड्या कडांना गंज धरू नये म्हणून
पोरीची नेलपॉलिश मागितली, लाल.
बारा भोकं, बारा लाल टिकल्या,
ज्या कधी कुणाला दिसायच्या नाहीत.

मग खाजाभाई म्हणाले, भाबी, रिकामी गाडी उंच असती.
माल भरला की बसती खाली,
तुमचं रबर रस्ता झाडत जाईल.
माल कुठला? पहिलं भाडं अजून यायचंय.
गल्लीतली पोरं चढवली, नऊ.
स्प्रिंग हलेना.
मग मालनबाई, मग खुद्द खाजाभाई,
मग गिरणीवाला संगाप्पा,
ज्याच्या एकट्यानं मागचं चाक दोन बोटं दबलं.
मी उताणी पडून वीत लावली.
"आनखी कुणी हाय का?"
वरती सगळी हसली, गाडी हलली,
वीत चुकली. परत मोजली.

उतरता उतरता संगाप्पानं विचारलं,
"मन्मथप्पा, ह्याचा तुमाला काय उपेग?
चिखल तर मागच्यावर उडतोय."
हे पाना पुसत राहिले.
बोलायचं माझ्या तोंडाशी आलं होतं.
मिलच्या रस्त्यानं सायकल, पुढं ट्रक,
पाठ कोरडी आणि छाती काळी
असे अकरा वर्षांचे शर्ट मी धुतलेत.
काळ्या रानाची माती निघत नसती, नुसती फिकी होती.
त्यातल्याच एका शर्टाच्या बाहीनं
हे पाना पुसत होते.

पोरगी रंगाचा डबा घेऊन आली.
काय लिहू? नाव? का आशीर्वाद?
"वाळू दे आधी," हे म्हणाले.
काय वाळायचं होतं, देवाला ठाऊक.

संध्याकाळी गाडी गल्लीतनं काढली.
पावसाचा पत्ता नाही, पण नळयोजनेनं खांदल्यापासून
इथं बारमाही चिखल.
मी मुद्दाम मोतिया साडी नेसून
मागं मागं चालत गेले, सायकलच्या अंतरानं.
रबर फटफट वाजत होतं, चिखल अडवत होतं.
वळणावर एक थेंब आला, उजवीकडनं,
पायाच्या अंगठ्यावर.
एक बोट कमी पडलं होतं.
अजून सांगितलेलं नाही.