प्रेताची जबानी

तिन्ही फिल्म्समध्ये प्रेत मीच.
पाठांतर जमत नाही, म्हणून गळ्यात पडलेली भूमिका.
पण डोळे किलकिले ठेवता येतात,
आणि फरशीवरून बरंच दिसतं.

शारजा, अबू शगारा, सातवा मजला.
ऑगस्ट. रात्री अकराला अडतीस अंश,
आणि वालावलकर ओव्हरकोटात.
कोट कुणाच्या तरी लंडनच्या मेव्हण्याचा,
बाह्या दोन बोटं आखूड.
आत घामाच्या धारा, बाहेर डिटेक्टिव्ह काळोखे.
(आडनाव खरंच असतं असं. आम्ही फक्त कामाला लावलं.)

ओठांत बडीशेपेची गोड सिगारेट,
दर टेकला थोडी वितळायची.
व्हिस्की म्हणजे सुलेमानी चहा.
धुकं मात्र अस्सल आणि फुकट:
एसीतून कॅमेरा बाल्कनीत नेला
की भिंगावर आपसूक दाटायचं.

आणि पाऊस?
पावसाशिवाय खून करायचा कसा?
शफीकुल, आमचा वॉचमन, मूळचा सिल्हेटचा,
गाड्या धुवायचा पाइप घेऊन पार्किंगात उभा राहिला,
नळीच्या तोंडावर अंगठा दाबून म्हणाला,
"कैसा बारिश मांगता, साब?
हलका, या हमारे गाँव का?"

पहिली केस: कुकरची शिट्टी.
दुसरी: दोरीवरचा एकच मोजा.
तिसरी: मंडळाचं पावतीपुस्तक.
खुनी दर वेळी खजिनदार,
आणि आमचे खरे खजिनदार पहिल्या रांगेत,
टाळ्या वाजवत, कानशिलं लाल.

दुसऱ्या फिल्ममध्ये मी मेल्यावर शिंकलो.
काळोखे दचकला नाही. वहीत लिहिलं:
मृत्यूचं कारण, धूळ.
ते तसंच ठेवलं.

सुचेता कोरगावकर दातांच्या दवाखान्यातून थेट यायची,
लाल लिपस्टिक लावून, जी पडद्यावर काळी दिसायची.
ती दारात उभी राहिली की
काळोखेचा आवाज पडद्यामागून:
"हे शहर झोपत नाही.
हे शहर फक्त एसी लावून पडून राहतं.
आणि ती आत आली,
जशी कार्डाची थकबाकी यावी:
छान पाकिटात, माझं नाव बिनचूक लिहिलेलं."

शेवटची ओळ स्क्रिप्टमध्ये नव्हती.
वालावलकरने आयत्या वेळी घातली.
हॉलमध्ये सगळ्यात मोठा हशा तिथेच.

चौथ्या फिल्मला, गुरुवारी रात्री नऊला,
सगळे आले. लाइट लागले, चहा झाला.
मी मरून तयार होतो.
दहा वाजले. अकरा.
फोन बंद.

गाडी विमानतळाच्या पार्किंगात सापडली,
तिसऱ्या दिवशी, काचेवर बोटभर धूळ.
खोलीत कप धुवून पालथा,
चादरीला घडी,
खिळ्याला कोट.
बँकेची दोन माणसं आली, इस्त्रीचे शर्ट,
डोक्यावर हॅट नाही, बोलण्यात उपमा नाही.
किती? केव्हापासून? घरचा पत्ता?
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो;
अकरा-अकरा मिनिटांत केस सोडवणारे आम्ही.
पत्त्यात नुसतं 'वालावल, कुडाळजवळ'
एवढंच निघालं.

मला कुणी विचारलं नाही.
प्रेताची जबानी घेत नाहीत.
नाहीतर सांगितलं असतं:
तिसऱ्या फिल्मपासून त्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटलेला,
डिंकाने चिकटवलेला,
माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर,
प्रत्येक टेकला.
मी पाहिलं होतं.
आणि शॉट बिघडू नये म्हणून
श्वास धरून पडून राहिलो.

काल कोट घालून पाहिला.
बाह्या मलाही आखूड.
खिशात चार सिगारेटी, एकमेकींना चिकटलेल्या.
खाली उतरलो तर शफीकुल पाइप गुंडाळत होता.
"साब, पिक्चर है आज?"
नाही, म्हटलं.
मग थोडं थांबून म्हटलं,
सोड जरा.
हलका नको.