लेट

एकतीस वर्षं मी हल शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं लावली.
आता दर मंगळवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत,
हीटर चालला तर चालला,
लांबून आलेल्यांना माझी भाषा शिकवते.
शिकवते कसली,
त्यांच्यासोबत पहिल्यांदाच उघडून बघते.

आज विशेषणं.
टेबलावर आईची पेटी ठेवली, सुया-दोऱ्यांची,
म्हटलं, हिच्याबद्दल बोला.
आधी आपलं मत: छान.
मग लहान, मग जुनी, मग गोल,
मग तपकिरी, मग पोलिश, मग लाकडी,
आणि इतक्या लवाजम्यामागून, दमून पोचलेली, पेटी.
हा क्रम मला कुणी शिकवला नव्हता.
आई गोदीवर हेरिंग साफ करायची,
शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली,
पण 'लाकडी लहान पेटी' असं कुणी म्हणालं असतं
तर सुरी थांबवून तिनं वर पाहिलं असतं.

अवादिया हसली.
तिच्या अरबीत आधी घर येतं, मग मोठं,
आणि घर ज्या लिंगाचं, मोठेपण त्याच लिंगाचं.
सोलोमियाकडेही विशेषणं
नामाचे कपडे घालून हिंडतात.
तुमची मात्र कोरडी, ती म्हणाली.
बाई असो, बुवा असो, पोरं असोत,
गुड ते गुड. कुणासाठी जागचं हलत नाही.
मी म्हटलं, आमची हवाच तशी आहे.
कोल्ड, कोल्डर, दावुतनं सुरुवात केली
आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, कोल्डेस्ट.
थांब, म्हटलं, अजून फेब्रुवारी जायचाय.

अकबेरेत गप्प.
तिच्या वहीखाली वेगळाच कागद होता,
हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्यांचा.
नाव. वय. शेवटचा कुठे दिसला.
खाली चार रिकाम्या ओळी: वर्णन करा.
तिनं वर्गातला क्रम पाळला होता.
उंच, सडपातळ, तरुण,
निळं जुनं स्वेटर, तेवढं मी
जुनं निळं करून दिलं.
आणि सगळ्यात वर, मथळ्यासारखं,
माय लेट ब्रदर, मेरहावी.

मी खुर्ची जवळ ओढली.
कधी कळलं, विचारलं.
काय कळलं?
चौदा महिने झाले, ती म्हणाली,
झुवाराहून होडी निघाली, पोचल्यावर फोन करणार होता.
बसला उशीर झाला की तुम्ही पाटीवर लिहिता ना,
लेट. तसा तो.

किती हजार वेळा लावला असेन मी तो शब्द पाटीवर.
लोक शिव्या देत, घड्याळ बघत,
आणि मग कोपऱ्यावरून बस वळायचीच.

मार्कर हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.
फळ्यावर नको.
तिच्या कानाजवळ सांगितलं
की हा शब्द नामाच्या आधी उभा राहिला
तर माणसाला मातीत घालून येतो.
आणि नामाच्या नंतर, मध्ये एक इज ठेवून बसवला
तर नुसता उशीर,
थांब्यावर कॉलर वर करून उभं राहावं, एवढाच.

तिनं खोडरबर मागितलं.
बराच वेळ खोडत होती, कागद तिथं पातळ झाला.
मग लिहिलं, माय ब्रदर इज लेट,
आणि विचारलं, आणि जिवंत?
अलाइव्ह कुठे ठेवायचं? आधी?
नाही, म्हटलं, अलाइव्ह नामाच्या आधी बसतच नाही.
त्याला इज लागतंच.

मान डोलावली तिनं.
पेन्सिलीनं ते इज
दोनदा, तीनदा गिरवलं.

खाली दिवे घालवायला सुरुवात झाली होती.
सोलोमिया कोट चढवत होती, पेटी मी पिशवीत टाकली.
अकबेरेत अजून शेवटच्या ओळीवर,
भुवईपाशी बोट लावून:
व्रण आहे त्याला, इथे.
आधी काय, पांढरा की लहान?
लहान, मी म्हटलं.
मग पांढरा.