हिवरखिंड रोड : सुविधांचा तक्ता

पुण्याहून निघालेली पॅसेंजर
एक मिनिट थांबली. उतरले मी एकटीच.
हातात ऑफिसनं दिलेला छापील तक्ता, सतरा रकाने,
प्रत्येकापुढं दोन चौकोन : आहे, नाही.

पिण्याचं पाणी : आहे.
नळ तीन. वाहतो एक. तो बंदच होत नाही.
बाकडी : चार, पैकी एकावर
चिंचा वाळत घातलेल्या. ते मोजू की नको?
प्रतीक्षालय : आहे, पण कुलूप,
आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या माणसाच्या खिशात.
फलाटाची उंची : शेळीला चढता येतं,
म्हातारीला नाही.
प्रसाधनगृह...
मी पुढच्या रकान्याकडं वळले.

फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी,
नाव तीनदा लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरांत
समुद्रसपाटीपासून उंची, सातशे दहा मीटर आणि वर काही.
वरचं ते काही उन्हानं खाल्लेलं.

गाव कुठंय, विचारलं तर
कासम मुलाणींनी हात खिंडीकडं केला.
"त्ये काय, डोंगरामागं. दोन कोस.
नावात रोड हाय न्हवं, त्यो चालायचा असतो."
पॉइंट्समन होते. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
तरी गाडीच्या वेळेला हिरवं फडकं घेऊन येतात.
ड्रायव्हरही हात हलवतो. कुणाचं काही बिघडत नाही.

रकाना बारा : स्थानकाचा इतिहास, दोन ओळींत.
मी पेन उघडलं. मुलाणींनी तंबाखू मळायला घेतली,
तेव्हाच कळलं, दोन ओळींत मावणार नाही.

त्यांच्या आज्याच्या वेळी रूळ अरुंद होते, मीटरगेज,
एक टोक पुण्यात, दुसरं पार मुरगावच्या बंदरात.
इंजिन इथं पाणी प्यायला थांबायचं,
घाट चढून आलेलं, गाभण म्हशीसारखं धापा टाकत.
मास्तर होता मिनेझिस म्हणून, गोव्याकडचा.
रात्रीची गाडी गेली की रुळाला कान लावायचा
आणि म्हणायचा, ऐकू येतंय.
काय, ते कुणी विचारलं नाही.

एकदा गार्डच्या डब्यातून उतरला मोड फुटलेला नारळ,
रीतसर पावती केलेला, वजन दीड शेर.
मिनेझिसनं तो लावला पाण्याच्या खांबाशी,
जिथं इंजिनाचं उष्टं सांडायचं.
लोक हसले. या माळावर बोर येते, तरवड येतो.
नारळ? तोही समुद्राशिवाय?
मिनेझिस दर अमावस्येला बुंध्यात
मूठभर मीठ घालायचा आणि काही बोलायचा नाही.

त्याची बदली कुठं झाली ते रजिस्टरात आहे,
रजिस्टर वाळवीच्या पोटात.
मग गेज बदललं. रूळ रुंद झाले, वाफ गेली,
पाण्याचा खांब भंगाराच्या लिलावात
बावीस रुपयांना गेला.
मुरगावला थेट जाणारी गाडी
हळूहळू लोकांच्या बोलण्यातूनही सुटली.

नारळ मात्र उभा. वाकडा, किडकिडीत,
फळं लिंबाएवढी, तीही गळणारी.
बंद न होणारा नळ
त्याच्याच मुळांकडं वाहतोय, हे मला उशिरा दिसलं.
"नळ दुरुस्त करा म्हणून लिहू?"
मुलाणी फडक्याची घडी घालत राहिले.
त्यांच्या जुन्या खाकी कोटाचा उजवा खिसा
ओझ्यानं खाली ओढलेला, आणि शिवणीवर
पांढरे कण.

आज तिथी कोणती, मी विचारलं नाही.

तक्त्यात झाडाला रकाना नाही.
पिण्याच्या पाण्यापुढं मी लिहिलं :
नळ तीन. तक्रार नाही.
इतिहासाचा रकाना कोरा ठेवला.

परतीची गाडी चाळीस मिनिटं लेट.
बाकडी शेवटी तीनच धरली.
चौथ्यावरची एक चिंच तोंडात टाकली
आणि रुळाकडं बघत बसले,
कान लावावा की नको.