ओलं चित्र

जवसाचं तेल मी शहाद्याच्या घाण्यावरून आणते.
गाळून, बरणीत भरून, महिनाभर गच्चीवर ठेवते,
मग ते मधासारखं उतरतं ब्रशवरून.

तोरणमाळच्या तळ्याकाठी पोचले तेव्हा नऊ वाजले होते.
वारा नव्हता. डोंगर दोनदा होता.

आधी डोंगर, हे मी वर्गात सांगत आले,
मग त्याच रंगात चिमूटभर बर्न्ट अंबर,
ब्रश उभा, वरून खाली ओढत न्यायचा.
उजेडाचं पाण्यात थोडं काळवंडतं,
काळ्याचं थोडं उजळतं.
पाणी उसनं घेतं, पण जसंच्या तसं फेडत नाही.
शेवटी कोरडा रुंद ब्रश, आडवा, जेमतेम टेकवत,
एकदाच. दोनदा फिरला की गाळ.

गिंब्या म्हशी पाण्यात सोडून मागे उभा.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"घर चुकलं."

पलीकडच्या काठावरचं कुडाचं घर मी
वर कौलांसकट, खाली कौलांसकट काढलं होतं,
पत्त्यातल्या राजासारखं.
"पाण्याला कौलं कशी दिसतील?
ते तर खालून बघतं."
बोट धरलं त्याने तिकडे:
पाण्यातल्या घराला वळचण होती,
वळचणीला टांगलेली बियाण्याची कणसं,
एक वाळका दुधी.
काठावरच्या घरात यातलं काहीच
इथून दिसत नव्हतं.

सव्वीस वर्षं मी पोरांना
कागद मधोमध दुमडून तळं शिकवलं.

सुरीने कौलं खरवडली.
नखाएवढ्या जागेत कणसं लावली, मळकी पिवळी.

साडेचारची एसटी. चित्र ओलंच.
सातपायरीच्या वळणांवर ते मांडीवर ठरेना.
कंडक्टर म्हणाला, द्या इकडे,
आणि ड्रायव्हरमागच्या दांडीला
उलटं अडकवून मोकळा झाला.
मागून एका म्हातारीने विचारलं,
"माय, पानी वर कसं काय शे?"
कुणी काही बोललं नाही.
घाट उतरेपर्यंत डोंगर लोंबत राहिला, डुलत.

घरी दिव्याखाली धरलं:
आभाळात कंडक्टरचा अंगठा,
रेघ न् रेघ उठलेली.
पुसायला चिंधी घेतली होती.
ठेवली.
सगळ्यात बारीक ब्रश काढला
आणि खाली पाण्यात, बरोबर त्याच्याखाली,
तोच अंगठा उतरवला,
एक छटा गडद,
मध्ये जरासा मोडलेला.

आता गिंब्याला गाठून विचारायला हवं,
अंगठा खालून कसा दिसतो.