दोन मिनिटं

नकाशा नाही. नकाशा ओरिस्याच्या जिभेवर आहे:
"पुढच्या चौकाला डावं, मग सरळ, कंटाळा येईपर्यंत."
तिच्या मांडीवर दुर्बीण, पायाशी गार वारेनिक्यांचा डबा,
आणि स्टिअरिंगवर मी, शेजाऱ्यांचा नातू,
ताशी पंधरा डॉलर, पेट्रोल तिचं, या बोलीवर.

सस्काचेवान. जुलैचा पहिला आठवडा.
खडीचा रस्ता पट्टीनं आखलेला, दोन्हीकडे कनोला
इतका पिवळा की डोळे मिटले तरी आतून दिसत राहतो.
ए.सी. मेलेला. काचा खाली.
नाकतोडे आत येतात, बसतात, पुढच्या गावी उतरतात.

एकतीस वर्षं तिनं याच रस्त्यांवर शाळेची बस चालवली.
पोरं बूट शोधत उशिरा यायची,
ती फाटकाशी इंजिन बंद करून बसायची.
दोन मिनिटं. कधी पाच.
"पक्षी तिथंच शिकले. दुसरं करणार काय?"

म्हणून आमचे थांबेही तेच.

"थांब. लिंडक्विस्टांचं फाटक."
क्षारानं पांढरं पडलेलं तळं, त्यात उचाट्या,
वर वळलेल्या चोचीनं पाणी उसवत चाललेला.
"यांची मधली रोज डबा विसरायची."

"थांब. ओलाफसन."
घर नाही. लायलॅकची झुडपं चौकोनात उभी,
आणि स्वयंपाकघर असावं तिथं कमरेएवढं गवत.

"थांब. इथले जुळे."
बिळाच्या तोंडाशी पिंगळा, उंच पायांवर,
वसुलीला आलेल्या माणसांकडे बघावं तसा बघतो आमच्याकडे.
ती बियाणं कंपनीच्या कॅलेंडरची कोरी बाजू काढते.
दोन रकाने: पाहिले. ऐकले.
दुसरा जवळजवळ मोकळा. मी विचारत नाही.

दुपारी एक कुरण लागलं, कधीच नांगर न लागलेलं.
इंजिन बंद केलं आणि वरून काहीतरी सांडू लागलं.
"हे काय वाजतंय?"
"कुठं?" ती म्हणाली. जरा जास्तच पटकन.
मग दुर्बीण खाली ठेवली.
"कसं वाजतंय ते सांग."

मला काय सांगता येणार?
हिवाळ्यात मी हार्डवेअरच्या दुकानात साखळी फुटावर कापून विकतो.
म्हणालो, साखळी. अगदी बारीक.
कोणीतरी उंचावरून डब्यात सोडतंय,
कडीमागून कडी, गोल गोल,
संपत आली की पुन्हा वरून.
दिसत काहीच नाही. नुसतं निळं.
मी हवेत बोट फिरवलं: इथं सुरू, असं घसरत, इथं संपलं.
परत सुरू.
ती बोटाकडे बघत होती, आभाळाकडे नाही.

"तीरचिमणी," ती म्हणाली.
"अर्धा अर्धा तास खाली उतरत नाही मेली.
कोवाल्चुकांच्या फाटकाशी रोज असायची.
सात वर्षं झाली, मला वाटलं,
संपल्या."

पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली.
"कान तुझे, नाव माझं," म्हणाली,
आणि दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहिलं,
रेघ मोडून.

रात्रीचे नऊ, उजेड अजून जायला तयार नाही.
दलदलीकडून घुम्म, घुम्म.
म्हणालो, कुणाचा तरी पंप चालू राहिलाय.
ती इतकी हसली की कवळी सावरावी लागली.
"अरे, पाणकणसातला बगळा आहे तो!
हा येतो मला ऐकू. हा माझा."
आणि पंप ऐकत आम्ही उरलेले वारेनिके खाल्ले,
बोटांना कांद्याचा वास.

तिच्या स्वतःच्या फाटकाशी आलो तेव्हा
ती उतरली नाही.
"दोन मिनिटं थांब."
मी इंजिन बंद केलं.
घरातून कोणी बूट शोधत येणार नव्हतं.
डॅशबोर्डवर एक नाकतोडा, गाव चुकलेला.

दुसऱ्या दिवशी तिनं पैसे मोजून दिले, नऊ तासांचे.
मी पावणेनऊच म्हणत होतो.